कोरडा रणगाडा

आमच्या गावात रणगाडा हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. कारखान्याच्या फाटकावर ट्रॅक्टरचं चित्र आहे, म्हणून आम्ही सगळे ट्रॅक्टर बनवतो. पावाच्या दुकानातल्या बाया ट्रॅक्टर म्हणतात, मास्तर ट्रॅक्टर म्हणतात, आणि मागच्या मैदानात तोफ धडाडली की म्हातारी माणसं मानसुद्धा न वळवता सांगतात, "नांगरणी चाललीय वाटतं." मी मात्र रणगाडाच म्हणणार. माझं नाव कापितोलिना सेम्योनोव्हना, जवळचे कापा म्हणतात. जिभेला लगाम घालायची सवय मला आईनं लावली नाही, आणि नवऱ्यानं लावायच्या आत तो लढाईत गेला, रणगाड्यातच जळून. तो ट्रॅक्टरमध्ये जळाला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मी आराखडे करते. लढाईच्या दिवसांत याच कारखान्यात वेल्डिंग केलं, मग रात्रशाळेत शिकून इंजिनिअर झाले. लढाई संपल्यावर आम्हाला वाटलं, चला, आता खरंच ट्रॅक्टर बनवू. कसले बनवताय! वरून एकामागून एक हुकूम यायला लागले. तोफ मोठी करा, पण गाडी बुटकी ठेवा. पोलाद जाड करा, पण वजन वाढवू नका. आणि मग आला तो हुकूम, ज्यानं माझ्या आयुष्याची पाच-सहा वर्षं खाल्ली. पुढच्या लढाईत पूल शिल्लक राहणार नाहीत, तेव्हा रणगाड्यांनी नदीच्या तळावरून चालत पलीकडे जायचं.

हसू नका, जातात. तोफेच्या घुमटावर एक उंच नळी उभी करायची, तिच्यातून हवा घ्यायची आणि गाळातून रांगत पलीकडे निघायचं. अडचण एकच, पाणी आत शिरतं. तोफेचा घुमट फिरतो ना, त्याच्या खाली चारी बाजूंनी फट असते. ती बुजवायला शिपाई लांबी भरायचे, रंगारी भिंतीच्या भेगांत भरतात तशी. अर्धा दिवस त्यात जायचा. पलीकडे पोचल्यावर घुमट त्या लांबीत अडकून बसायचा, आणि ती खरवडेपर्यंत समोरचा शत्रू काय बासरी वाजवत बसणार आहे?

त्यावर मी रबराचं कडं काढलं. घुमटाखाली बसवायचं, आतून हवा भरली की फुगून फट बंद. पलीकडे गेल्यावर हवा सोडली की घुमट मोकळा. उन्हाळ्यात आम्ही ते नदीत तपासलं आणि आत एक थेंब आला नाही. साव्वा काका, आमचा सगळ्यात जुना चाचणी-चालक, पलीकडच्या काठावर झाकण उघडून ओरडला, "कापा, साबण फुकट नेला गं, अंघोळीला थेंबभर पाणी नाही!" त्या दिवशी मी किती नाचले असेन ते विचारू नका.

मग थंडी पडली. ऑक्टोबरात नदीचं पाणी हाताला चावायला लागतं. आम्ही पुन्हा गाडी पाण्यात घातली आणि माझ्या कड्यानं माझं नाक कापलं. गारठ्यात रबर कडक झालं आणि पाणी पडद्यासारखं आत आलं. चूक माझी होती, मी कुठं नाही म्हणते? रबराचं मिश्रण बदलायला हवं होतं, पुन्हा उन्हाळा बघायचा, पुन्हा हिवाळा बघायचा. एक वर्ष द्या, एवढंच मी मागितलं.

वर्ष द्यायला कुणाकडे नव्हतं. क्रांतीचा वाढदिवस तोंडावर आला होता, त्याआधी नवी गाडी दाखवायचीच होती. मॉस्कोहून पाहणी मंडळ यायचं होतं, आणि त्यांनी मान डोलावली की हिवाळ्यातच पहिली तुकडी जर्मनीतल्या एका रेजिमेंटला जाणार होती.

पाहणीच्या आदल्या दिवशी मी शेडमध्ये गेले तर गाडी नव्या नवरीसारखी रंगवलेली. जवळ गेले तर जवसाच्या तेलाचा वास आला, लांबीत असतो तो. घुमटाच्या खाली नखानं ओरखडलं. हिरव्या रंगाखाली राखाडी लांबी. सगळी फट भरलेली, वर रंगाचा हात मारलेला, माझं कडं आत नुसतं शोभेला.

तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच मुख्य आराखडाकारांच्या खोलीत घुसले.

व्हिकेन्ती अर्सेन्येविच हा माणूस कधी आवाज चढवत नाही. हात मऊ, बोलणं मऊ, टेबलावर चहा आणि बशीत जाम.

"बसा, कापितोलिना सेम्योनोव्हना. जाम घ्या. सासूबाईंनी पाठवलाय."

"जाम राहू द्या. गाडीला लांबी कुणी भरली?"

"भरायला मी सांगितलं." जराही चेहरा बदलला नाही. "उद्या ती कोरडी बाहेर येईल. मंडळ खूश होईल. कामाला मंजुरी मिळेल. मग तुम्ही सावकाश तुमचं रबर सुधारा."

"आणि तोवर ज्या गाड्या रेजिमेंटला जातील त्यांचं काय? त्यांना सांगणार आहात लांबी भरा म्हणून?"

"तसं कसं सांगणार? लांबी लागत नाही हाच तर आपला शोध आहे."

"म्हणजे तिथलं एखादं पोरगं कड्यावर भरवसा ठेवून थंड पाण्यात उतरेल आणि मधेच गाडी बंद पडेल. तुम्हाला माहीत आहे ना मग काय करायचं असतं? झाकण उघडत नाही, पाण्याचा दाब असतो. गाडी पुरती भरू द्यावी लागते. गळ्यापर्यंत, मग डोक्यावरून. अंधारात हवेचा मुखवटा लावून बसायचं, आणि मग उघडायचं. बोटं गारठलेली असताना!"

"रोज कोण नदी ओलांडतंय?" तो म्हणाला. "आणि हे बघा, आपण तयार नाही म्हटलं तर काम दुसऱ्या कारखान्याला जाईल. तिकडेही लांबी भरतातच, फक्त त्यांच्याकडे तुमच्यासारखी माणसं नाहीत. इथल्या लोकांच्या पोटाचा विचार कोण करणार?"

खोटं बोलत नव्हता तो. म्हणून तर जास्त चीड आली. आमच्याकडे साहेबांपुढे सगळं रंगवूनच ठेवतात. मंत्री यायचा असला की आम्ही रस्त्याकडेचे दगडसुद्धा पांढरे करतो, आणि मीही लहानपणापासून ब्रश धरलाय. पण दगड बुडून मरत नाहीत.

मी उठले तशी तो म्हणाला, "तुमचा मुलगा, ग्लेब, रणगाड्यावर चालक आहे ना? जर्मनीत?"

मी थांबले.

"गाड्या त्याच रेजिमेंटला चालल्या आहेत." त्यानं जामाची बशी माझ्याकडे सरकवली. "माझा मेहुणा तिथल्या मुख्यालयात आहे. एक फोन केला तर ग्लेब उद्यापासून कचेरीत बसेल. उबदार खोली, टंकलेखन. सक्तीच्या नोकरीचं उरलेलं दीड वर्ष कसं निघून जाईल कळणारही नाही. उद्या काठावर तुम्ही गप्प उभ्या राहा, बस. रात्रभर विचार करा."

मी दार आपटून बाहेर पडले असं सांगायला मला आवडलं असतं. नाही आपटलं. हळूच लावलं.

कारखान्याच्या खानावळीत साव्वा काका कोबीचं सार भुरकत बसला होता. एका कानानं बहिरा, त्यामुळे गावभर ऐकू जाईल असा बोलतो. मी त्याच्या चांगल्या कानाकडे बसले.

"काका, गाडीला लांबी भरलीय."

"माहीत आहे. कान गेलाय, नाक शाबूत आहे. बरंच झालं की! पाय कोरडे राहतील. माझ्या गुडघ्यांनी तर सरकारला दुवा दिला."

"थट्टा नको ना." मी त्याला सगळं सांगितलं, ग्लेबचंही.

त्यानं चमचा खाली ठेवला. "मग तू काय म्हणालीस?"

"विचार करा म्हणाला."

"तो काय म्हणाला ते मी कशाला विचारू? तू काय म्हणालीस?"

"काही नाही. काका, मला हो म्हणायचं होतं. जिवाच्या आकांतानं हो म्हणायचं होतं. त्याचा बाप असाच गेला. एकच पोर आहे मला."

"मग म्हणून टाक. आईला कोण नावं ठेवणार आहे?"

"मीच ठेवीन. ग्लेब उठला तर ती जागा काय रिकामी राहणार आहे? तिथं दुसऱ्या कुणाचा तरी बसेल. त्याच्या आईसाठी कुणाचा मेहुणा फोन उचलणार नाही."

काकानं पावाचा तुकडा सारात बुडवला. बाजूच्या टेबलावरच्या रंगारणी बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. अर्थात, काका जे काही बोलला होता ते सगळ्या खानावळीनं ऐकलंच होतं.

"माशाचे खवले काढायची सुरी चांगली," काका म्हणाला. "लांबी अजून ओली असेल, साईसारखी निघेल. उद्या मंडळ जेवायला बसलं की खरवडू. मॉस्कोची माणसं जेवायला बसली की लवकर उठत नाहीत."

"तुम्हाला पाण्यात बसावं लागेल, काका. चालकाची जागा सगळ्यात खाली."

"म्हणजे मी बुडीन आणि तू वर बसून बघशील? वा गं वा!" तो हसला आणि उरलेलं सार एका दमात पिऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी मंडळ आलं. चार काळ्या मोटारी, आणि पुढच्या मोटारीत जनरल पोलुयेक्तोव, जाडजूड, भुवया झुडपासारख्या. लढाईत तो स्वतः रणगाड्यात होता म्हणतात, एका गालावर भाजल्याची खूण होती. व्हिकेन्ती अर्सेन्येविच त्याला थेट जेवायला घेऊन गेला. मांस भरलेल्या पेल्मेनी, खारवलेला मासा, काकड्या, बाटल्या. खिडकीतून 'मैत्रीसाठी' आणि 'शांततेसाठी' असं म्हणत पेले उचलल्याचं ऐकू येत होतं.

आम्ही शेडमध्ये घुसलो. मी एका बाजूनं, काका दुसऱ्या बाजूनं. लांबीचे लांबच लांब पट्टे निघून चिखलात पडत होते. मधेच दार करकरलं आणि मी सुरी पाठीमागे लपवली. दारात रंगारणी उभ्या होत्या, सगळ्या, डोक्याला रुमाल बांधलेल्या.

"काय गं, आम्ही दिवसभर भरलं ते तू खरवडतेस?" त्यांच्यातली थोरली कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"हो, खरवडते. जा, सांगा साहेबांना."

"सांगतील आमची खेटरं! नीट खरवड ना मग, कोपऱ्यात राहिलंय. आण इकडे ती सुरी." तिनं सुरी हिसकावली आणि बाकीच्यांना हुकूम सोडला, "तुम्ही बाहेर उभ्या राहून गाणं म्हणा. कुणी आलं तर जोरात म्हणा."

त्यांनी इतकं बेसूर गाणं म्हटलं की तिकडे कुणी फिरकलंच नाही.

जेवण आटोपून मंडळ काठावर आलं तेव्हा गाडी नदीच्या तोंडाशी उभी होती, नळी वर केलेली. काका आत बसला होता. मी मुखवटा गळ्यात अडकवून वर चढायला लागले, तोच व्हिकेन्ती अर्सेन्येविच धावत आला.

"तुम्ही कुठं? आज मंडळ आहे. बाईनं आत जायचं कारण नाही."

"ज्याचं काम नवं, तो मंडळासमोरच्या बुडीला आत बसतो," मी मोठ्यानं म्हटलं, जनरलला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "आमच्या काठावर हेच चालत आलंय. ज्यानं हवेची नळी काढली तो बसला होता, ज्यानं पंप काढला तोही बसला होता. कडं माझं आहे."

"पद्धत असेल तर बसू द्या," जनरल गुरगुरला. "चांगली पद्धत आहे. मला आवडली."

व्हिकेन्ती अर्सेन्येविचनं माझ्याकडे पाहिलं आणि हसला. त्याला वाटलं, मला माझ्या कौतुकाच्या क्षणी आत असायचंय. घुमटाच्या खाली बघायचं त्याला सुचलं नाही.

झाकण बंद झालं. आत दिव्याचा पिवळा उजेड आणि डिझेलचा वास. काकाचा आवाज कानात आला, "काय कापा, निघायचं?" मी कड्यात हवा भरली, काटा पाहिला आणि म्हटलं, "निघा." गाडी नाक खाली करून उतरली. खिडकीच्या काचेवर पाणी चढलं, हिरवं, मग काळं. वरच्या नळीतून वारा सू-सू करत खाली यायला लागला.

पहिलं पाणी माझ्या मानेवर पडलं. एक धार. मग दुसरी. मग सगळीकडून. मला माहीत होतं पाणी येणार, मीच त्याला वाट करून दिली होती, तरी काळजाचं पाणी झालं. इतकं थंड होतं की श्वास आत गेला तो बाहेर येईना. पंप घरघरत होता, पण त्याच्यानं काय होणार? घोट्यापर्यंत आलं, मग पोटऱ्यांपर्यंत.

"काका, कुठवर आलंय?"

"कमरेपर्यंत. आता गुडघे दुखत नाहीत हो, गुडघेच नाहीत." मग जरा वेळानं, "कापा, छातीला लागलं."

"थांबायचं का?"

"थांबलो तर संपलो. बोलू नकोस माझ्याशी."

मी मुखवट्याचा पट्टा धरायला गेले तर बोटं वळेनात. या इतक्याशा थंडीत, काठावर माणसं उभी असताना, नदीची ओळख असताना माझी बोटं वळेनात. तिकडे परक्या नदीत, समोरून गोळ्या येत असताना ग्लेबची बोटं काय वळणार होती? मला भीती वाटत होती हे खरं. पण भीतीपेक्षा राग मोठा होता. त्या रागाची ऊब घेऊन मी बसले होते.

इंजिन एकदा खोकलं. दोनदा खोकलं. काकानं त्याला अशी शिवी घातली की मी इथं सांगू शकत नाही, आणि गाडीनं नाक वर केलं. काचेवरचं काळं हिरवं झालं, हिरव्याचा उजेड झाला.

मंडळ पुलावरून मोटारीनं पलीकडच्या काठावर आलंच होतं. टाळ्या वाजत होत्या. मी झाकण उघडून बाहेर आले आणि टाळ्या थांबल्या, कारण माझ्या अंगातून पाणी निथळत होतं आणि दात वाजत होते. काकाला त्याच्या झाकणातून दोघा जवानांनी ओढून काढलं. त्याचे ओठ निळे पडले होते.

"तळाचं बूच काढा," मी जवानांना म्हटलं.

त्यांनी गाडीच्या तळाचं बूच काढलं. पाणी बदाबदा बाहेर आलं, काठावरून वाहत गेलं आणि जनरलच्या चकचकीत बुटांवरून पुढे गेलं. तो बाजूला झाला नाही. पाणी संपेपर्यंत बघत राहिला, आणि ते लवकर संपलं नाही.

"हे काय आहे?"

"हे माझं कडं, साहेब," मी म्हटलं. "थंडीत गळतं. मला ठाऊक आहे, व्हिकेन्ती अर्सेन्येविचना ठाऊक आहे. तुम्हाला दिसू नये म्हणून काल फटीत लांबी भरली होती. तुम्ही जेवत होता तेव्हा मी ती खरवडली."

व्हिकेन्ती अर्सेन्येविच पांढराफटक पडला, पण आवाज अजून मऊच होता.

"साहेब, या बाई थकल्या आहेत. लांबी ही फक्त खबरदारी होती. कडं उत्तम आहे, हा एक नग खराब निघाला. खरं कारण वेगळं आहे. या गाड्या ज्या रेजिमेंटला जाणार आहेत तिथं यांचा मुलगा चालक आहे. आईचं काळीज आहे, दुसरं काही नाही. एका पोराच्या भीतीपायी सगळ्या कारखान्याचं काम बुडवायला निघाल्या आहेत."

जनरलनं भुवया वर केल्या. "खरं आहे का हे?"

"अगदी खरं आहे," मी म्हटलं. थंडीनं जबडा इतका थडथडत होता की शब्द तुटत होते, पण मी एकेक शब्द दातांनी धरून बाहेर काढला. "माझा मुलगा तिथं आहे. मला त्याच्यासाठी भीती वाटते, भरपूर वाटते. आता माझा एक प्रश्न यांना विचारा. मी गप्प राहिले तर त्याला रणगाड्यातून काढून कचेरीत बसवतो, असं हे काल मला म्हणाले. कडं उत्तम आहे, तर माझ्या पोराला त्यातून काढायला का निघाले होते?"

जनरल व्हिकेन्ती अर्सेन्येविचकडे वळला.

"म्हणालात?" त्यानं विचारलं.

"मी फक्त... सहानुभूती म्हणून..."

"अहो, विचारलं त्याचं उत्तर द्या. का काढत होता त्याला?"

मागे काका ओल्या घोंगडीत गुंडाळलेला उभा होता, तो बहिऱ्या माणसाच्या आवाजात म्हणाला, "दुसरी गाडी शेडमध्ये उभी आहे की. तिचीही लांबी खरवडू. कडं उत्तम आहे ना, आमच्या साहेबांना बसवू या आत."

कुणीतरी हसलं. जनरल हसला नाही. त्याचा हात गालावरच्या जुन्या खुणेकडे गेला होता.

"बसता?" त्यानं व्हिकेन्ती अर्सेन्येविचला विचारलं. अगदी शांतपणे, चहा घेता का असं विचारावं तसं.

व्हिकेन्ती अर्सेन्येविचनं नदीकडे पाहिलं. मग माझ्या निळ्या हातांकडे पाहिलं.

"एक वर्ष लागेल," तो म्हणाला. "रबर बदलायला. एक वर्ष."

जनरलनं मान हलवली. "या गाड्या जाणार नाहीत. वर जाऊन काय सांगायचं ते मी सांगेन, शिव्याही मीच खाईन. वर्षभरानं, याच महिन्यात, मी पुन्हा येईन." मग माझ्याकडे वळला. "तुमचं कडं तुम्हीच पुरं करायचं. आणि तुमच्या मुलाबद्दल... तुम्ही मागितलं नाहीत, पण मी करू शकतो. त्या रेजिमेंटमध्ये जुन्या गाड्या आहेत, त्याही तिथल्या नद्यांत उतरतात. कुणाच्या वशिल्याची गरज नाही, मीच फोन करतो. त्याला तिथून हलवू?"

हे मला अपेक्षित नव्हतं. शत्रूनं दिलेलं नाकारणं सोपं असतं. हा माणूस चांगुलपणानं देत होता, त्याबदल्यात काही मागत नव्हता, आणि मला ते जिवापाड हवं होतं. मी गाडीच्या पोलादाला हात टेकला. घुमटाखालून अजून पाणी ठिबकत होतं.

"नको," मी म्हटलं.

"विचार करा."

"केला. त्याला हलवलंत तर वर्षभर मी घाई करणार नाही. घरी जाऊन गाढ झोपेन. तो तिथंच राहू दे."

जनरलनं स्वतःचा कोट काढून माझ्या खांद्यांवर टाकला आणि मोटारीकडे निघून गेला. बाकीचे त्याच्यामागून गेले. व्हिकेन्ती अर्सेन्येविच माझ्याजवळून जाताना थांबला आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज मऊ नव्हता.

"तुम्ही आई आहात की दगड?"

"तुम्ही म्हणाल ते," मी म्हटलं. "उद्यापासून मला रबर-विभागाची किल्ली लागेल. सकाळी आठला. उशीर झाला तर मी कुलूप तोडीन."

तो गेला. मग मी तिथंच, चिखलात, गाडीच्या साखळपट्ट्याला टेकून खाली बसले आणि ग्लेबचं नाव घेऊन मोठमोठ्यानं रडले, गावभर ऐकू जाईल असं. साव्वा काका माझ्याजवळ येऊन बसला, आणि या वेळी त्यानं एकही थट्टा केली नाही.